सावडीचा परवाना

करंजेमळ्यातल्या जुन्या बेदाणा-शेडमध्ये सहा खुर्च्या होत्या, सहा पडदे, बारा काळे हातमोजे, बॅटरीची दोन कपाटं, पाण्याचा एक माठ आणि दारामागे खिळ्याला अडकवलेली कलमाची एक सुरी. या सगळ्यात सुरी तेवढी बिनकामाची. शेडमध्ये दिवसभर द्राक्षाची कलमं होत, पण कापायला तिथे काडीसुद्धा नसे. काड्या पोर्तुगालमध्ये होत्या.

सुरी वैजयंता गिड्डेची. शेड सुरू झाली त्या दिवशी तिनंच ती आणून अडकवली होती. "कलमं करायच्या जागेत सुरी नसंल तर ते चुलीबिगर सैपाकघर झालं," असं म्हणाली आणि मोज्यांना हळदकुंकू लावू का म्हणून विचारलं. मोजे जोडायला आलेल्या माणसानं घाबरून नको म्हटलं, म्हणून ते सुरीला लावलं.

तिसऱ्या खुर्चीवर बसायची ती वैजयंताची धाकटी जाऊ, प्रांजली. दुपारी एकला, म्हणजे पोर्तुगालमध्ये सकाळ झाली की, ती मोजे चढवायची. समोरच्या पडद्यावर एक लांबट काचघर दिसायचं, त्यात लाकडी टेबलं, आणि टेबलाशी मनगटापासून पुढचेच असावेत असे धातूचे दोन हात. तिनं बोट हलवलं की ते बोट हलायचं. त्या हातातल्या सुरीनं काडी कापली की लाकडाचा विरोध मोज्यातल्या बारीक तारांमधून तिच्या बोटांना लागायचा. कोवळी काडी, जून काडी, आतून सुकलेली काडी, सगळं हाताला कळायचं.

हे काम यंत्राला का देत नाहीत, असा प्रश्न गावात पहिल्या वर्षी सगळ्यांनी विचारून झाला होता. त्याचं उत्तर असं की सरळ, एकसारख्या काड्यांची कलमं यंत्रं कधीपासूनच करत आली आहेत. पण त्या देशात उन्हाळे वाढत गेले, डोंगरउतारावरच्या जुन्या बागा वणव्यात जळाल्या, आणि ज्या थोड्या वेली वाचल्या त्यांच्या काड्या वाकड्या, गाठाळ आणि कमी-जास्त जाडीच्या होत्या. त्या उन्हाला टिकणाऱ्या खुंटावर, म्हणजे मुळं धरणाऱ्या दुसऱ्या जातीच्या बुंध्यावर, बांधायच्या होत्या. पाचर कलम म्हणजे खुंटाला चीर द्यायची आणि काडीला पाचरीसारखा दोन्हीकडून उतार देऊन ती चिरेत बसवायची. सालीखाली कागदाइतका पातळ हिरवा थर असतो. झाड वाढतं ते तिथून. काडीचा थर खुंटाच्या थराला टेकला तर कलम जगतं, केसभर चुकला तर वाळतं. वाकड्या काडीला हा थर कुठे भेटेल ते प्रत्येक वेळी नव्यानं शोधावं लागतं, आणि तिथे अजून माणसाचाच हात लागतो.

खरी अडचण अंतराची होती. समुद्राखालच्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. तारेच्या वळणांसकट पोर्तुगाल सुमारे दहा हजार किलोमीटर. जायला-यायला आणि मधल्या यंत्रांना मिळून सेकंदाचा आठवा भाग लागायचा. ऐकायला काहीच नाही. पण सुरी लाकडात शिरल्याचं बोटाला इतक्या उशिरा कळलं तर तोवर ती आरपार गेलेली असते. म्हणून तिकडचे हात वाट पाहत नसत. बाईचा हात पुढच्या आठव्या भागात कुठे असेल याचा ते अंदाज बांधत आणि आधीच तिथे जात. त्यासाठी यंत्र महिनाभर त्या बाईचा हात शिकायचं: ती कुठे थबकते, कुठे जोर देते, मनगट कसं वळवते. या शिकवणीतून तयार व्हायची तिची हातछाप. सुरी लाकडात असताना अंदाज आणि प्रत्यक्ष हात यांत एक मिलिमीटरपेक्षा कमी फरक असेल तर हिरवा दिवा. दोनच्या वर गेला की मोजे कुलूपबंद, आणि पडद्यावर तीन शब्द: हात जुळत नाही.

बाईचं शरीर करंजेमळ्यात असलं तरी काम पोर्तुगालच्या मातीत उमटायचं, म्हणून कायदा तिथला. तासगाव तालुक्यातल्या खुर्चीवर बसून परदेशात नोकरी करणाऱ्या परदेशी कामगाराला तिथला काम-परवाना लागायचा, आणि तो एका नावाला, एका पासपोर्टला आणि एका हातछापेला मिळायचा. पहिल्या अर्जाला वयाची अट चाळीसच्या आत. पहिला परवाना तीन हंगामांचा. त्यात नाव राखलं तर पूर्ण परवाना: तिथलं निवृत्तिवेतन, आणि वाटलं तर स्वतः तिथे जाऊन नव्या लोकांना कलम शिकवायचा हक्क.

प्रांजलीचा तिसरा हंगाम संपत आला होता. पूर्ण परवाना मिळवणारी ती तालुक्यातली पहिली ठरणार होती. ग्रामपंचायतीनं तर आधीच फलक लावला होता. त्यावर तिचा मोजे घातलेला फोटो आणि खाली 'करंजेमळ्याची कन्या, हात सातासमुद्रापार'. ती कन्या नव्हे, सून होती, पण फलक छापून झाला होता.

*

मार्चमध्ये प्रांजलीला चिकुनगुनिया झाला. ताप दोन दिवसांत उतरला, सांधे मात्र धरून राहिले. बोटं अशी सुजली की बांगडी निघेना.

नेमक्या त्याच आठवड्यात तिकडच्या रोपवाटिकेच्या मुकादम इल्दाबाईंनी शीतगृहातून शेवटच्या पेट्या काढल्या. एका जळालेल्या उतारावर एकच जुना वेल जिवंत सापडला होता, त्याच्या काड्या. पुन्हा मिळायच्या नाहीत, आणि बाहेर काढल्या की तीन-चार दिवसांत बांधल्या नाहीत तर वाळणार. त्या इल्दाबाईंनी मुद्दाम तिसऱ्या टेबलावर ठेवल्या होत्या.

प्रांजलीनं दात आवळून मोजे चढवले. पहिल्या काडीला सुरी लावली. फरक तीन मिलिमीटर. कुलूप. हात जुळत नाही.

दुसऱ्यांदा केलं. हात जुळत नाही.

"आता घ्या," ती पुटपुटली. "माझाच हात, आणि मलाच ओळख न्हाई."

पलीकडच्या खुर्चीवरून मालन म्हणाली, "सासरची मानसंबी अशीच अस्त्यात गं, आजारी पडलं की वळकत न्हाईत."

तेवढ्यात वैजयंता डबा घेऊन आली. घराच्या वाटण्या होऊन सहा वर्षं झाली होती, रानं वेगळी, चुली वेगळ्या, पण दोघींची सावड होती. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबते, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, हिशोब नाही, आणि तरी कुणी विसरत नाही. प्रांजलीच्या रानाचं पाणी अडलं की वैजयंता जायची, वैजयंताची द्राक्षतोडणी अडली की प्रांजली.

वैजयंतानं पडदा पाहिला, पेट्या पाहिल्या, मग प्रांजलीची बोटं पाहिली.

"किती हायत काड्या?"

"चारशेच्या वर."

"आनि वाळत्याल?"

"वाळतील."

"मग सरक तिकडं. बसती मी."

"अक्का, परवाना माझ्या नावाचा आहे."

"अगं, परवाना तुझा, वेल त्यांचा, हात माझं. सावड हाय न्हवं? उठ!"

खरं सांगायचं तर कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आजारी बाईच्या ओळीत दुसरीनं उभं राहायचं, हे सांगावं लागत नाही आणि विचारावंही लागत नाही. प्रांजलीलाही त्या क्षणी एकच वाटलं, की यंत्र मोजे कुलूपबंद करेल आणि अक्काचा विरस होईल.

वैजयंतानं मोजे चढवले, पडद्यावरचे धातूचे हात एकदा उघडझाप करून पाहिले, काडी उचलली, फिरवली, सुरी लावली. दोन उतार. पाचर चिरेत बसली.

हिरवा दिवा. फरक शून्य पूर्णांक नऊ.

प्रांजली पडद्याकडे पाहतच राहिली. निरोगी असताना तिचा स्वतःचा फरक शून्य पूर्णांक आठ असायचा.

वैजयंतानं कलमाला पट्टी गुंडाळली, त्याला बोटं टेकवली आणि हात कपाळाला लावला. दिवसाचं पहिलं कलम झालं की ती नेहमीच असं करायची. मग पुढची काडी घेतली.

*

यंत्राला तीन दिवसांत काहीही कळलं नाही. कळलं ते इल्दाबाईंना, आणि तेही कुतूहलातून.

काचघरात त्या पाणी द्यायला उभ्या होत्या तेव्हा तिसऱ्या टेबलाच्या उजव्या हातानं एक विचित्र गोष्ट केली. कलम बांधून झाल्यावर त्यानं त्याला स्पर्श केला, मग तो वर उचलला गेला, हवेत एका ठिकाणी क्षणभर थांबला, आणि खाली आला. तिथे डोकं नव्हतं, कपाळ नव्हतं, काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम थांबल्या; पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी झालं नाही, आणि नंतर कधीच झालं नाही. आठवड्याच्या अहवालात त्यांनी लिहिलं की तिसऱ्या टेबलाच्या हातांनी तीन दिवस काहीतरी सुंदर केलं आणि ते का थांबलं हे जाणून घ्यायला आवडेल. तो अहवाल परवाना खात्यात कुणीतरी नीट वाचला.

पंधरा दिवसांनी सुनावणीचा निरोप आला, आणि त्याच्या मागोमाग सांगलीहून या खुर्च्या चालवणाऱ्या एजन्सीचा कुंभोजकर. हा माणूस घाम पुसत आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोलू लागला.

"वहिनी, घाबरायचं काही नाही. नोंद काय सांगते? हात तुमचाच. फरक एकच्या आत. यंत्र तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे! त्यांच्याकडे काय आहे? एक चित्रफीत, त्यात हात वर जातो. ते विचारतील, ही तुमची सवय का? तुम्ही म्हणायचं, हो. देवाला नमस्कार केला. विषय संपला, पूर्ण परवाना हातात."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर परवाना दुसऱ्याला वापरायला दिला असा अर्थ होतो. मग फलक उतरवायला मीच शिडी आणतो."

संध्याकाळी प्रांजली वैजयंताकडे गेली. वैजयंता बेदाणा निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं ताट पुढे सरकवलं.

"मग म्हन की व्हय. त्येला काय हुतंय? नमस्कार कुनीबी करतंय."

"पण मी केला नव्हता."

"मी केला काय, तू केला काय."

"अक्का, ती चारशे कलमं तू केलीस. ती सगळी माझ्या नावावर जाणार. आणि तुला काहीच वाटत नाही?"

"मला काय करायचंय नाव? मला चाळीस कवाच वलांडून गेली." वैजयंतानं एक काळपट बेदाणा बाजूला टाकला. "तू जा तिकडं. शिकव त्यांस्नी. माझं तेवढंच."

प्रांजलीही ताटाशी बसून निवडू लागली. तिला लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवत होता. ती तेव्हा कृषी पदविकेचं शिक्षण अर्धं सोडून आली होती आणि कलमाची सगळी व्याख्यानं तिला पाठ होती, पण काडी हातात धरली की मोडायची. वैजयंता तिच्या मागे उभी राहिली, दोन्ही बाजूंनी हात पुढे घेतले, प्रांजलीच्या हातांवर आपले हात ठेवले. छाटणीच्या वाया गेलेल्या काड्यांचा ढीग संपेपर्यंत दोघींनी चार हातांनी कलमं केली. इथे थबक. इथे जोर. आता मनगट. यंत्रानं महिनाभर शिकून जे टिपलं, ते हेच होतं.

"तुझा हात माझ्यात आहे म्हणून त्यानं तुला ओळखलं," ती शेवटी म्हणाली. "आणि मी म्हणू, की तिथे तू नव्हतीस?"

"लई शानी झालीस," वैजयंता म्हणाली, पण तिनं मान वर केली नाही.

*

सुनावणी शेडमध्येच झाली, तिसऱ्या खुर्चीवर. पडद्यावर परवाना खात्याचे अधिकारी, पिकलेल्या दाढीचे, आणि त्यांच्या शेजारी इल्दाबाई. त्यांचं बोलणं दुभाषी यंत्र मराठीत आणायचं, आणि ते मराठी इतकं स्वच्छ की मागच्या बाकावरून वैजयंता कुजबुजली, "ह्यो बोलतोय का बातम्या देतोय?"

अधिकाऱ्यांनी चित्रफीत लावली. धातूचा हात कलमाला टेकला. वर उचलला गेला. रिकाम्या हवेत, नेमका त्या उंचीवर थांबला जिथे वैजयंताचं कपाळ असतं. प्रांजलीनं हे बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. आता पाहताना तिला त्या हवेत अक्काचा चेहरा दिसला; टिकली, घाम, सगळं.

"श्रीमती गिड्डे," यंत्र म्हणालं, "त्या पहिल्या दिवशी आपला हात दोनदा नाकारला गेला, नंतर स्वीकारला गेला. पुढील तिन्ही दिवस हातछाप आपलीच आहे. यंत्राच्या मते शंका नाही. मला केवळ एवढेच विचारायचे आहे. ही हालचाल आपली आहे का?"

कुंभोजकरनं घसा खाकरला.

"नाही," प्रांजली म्हणाली. "नाकारलेला हात माझा होता, तो सुजला होता. स्वीकारलेला हात माझ्या थोरल्या जावेचा, वैजयंता गिड्डे यांचा. माझे हात त्यांनीच घडवलेत. तुमच्या यंत्रानं त्यांना ओळखलं, ते बरोबरच केलं."

"म्हणजे आपण आपला परवाना दुसऱ्या व्यक्तीला वापरू दिलात."

"आम्ही सावड केली." तिनं सावड म्हणजे काय ते सांगितलं. ताठ बसून, न थांबता सांगितलं. काड्या वाळल्या असत्या हेही सांगितलं, पण क्षमा मागितली नाही.

अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आणि आपण त्या तीन दिवसांची फेड केलीत?"

"बोटांची सूज उतरली तशी त्यांच्या रानात तीन दिवस तोडणीला गेले."

इल्दाबाई हसल्या. त्यांच्या आजोळच्या डोंगराळ गावात राय नावाचं धान्य कापायला लोक असेच दिवस बदलून घेत, असं त्या म्हणाल्या. अधिकारी हसले नाहीत.

"कायद्यासमोर दोन वाटा आहेत," ते म्हणाले. "पहिली अशी. नियमभंग मान्य, एक हंगाम परवाना स्थगित, त्या तीन दिवसांची कलमे अनधिकृत म्हणून काढून टाकली जातील, आणि पुढे श्रीमती प्रांजली गिड्डे एकट्या परत येऊ शकतील. दुसरी अशी. करारात जोड-परवान्याची तरतूद आहे, आजवर कुणी वापरलेली नाही. एक काम, दोन व्यक्ती. दुसऱ्या व्यक्तीस वयाची अट नाही, पण कौशल्य सिद्ध करावे लागते. पुरावा म्हणजे जगलेली कलमे, दोघींची वेगवेगळी मोजून. शंभरात पंच्याऐंशी. कुणा एकीचीही त्याखाली गेली, तर परवाना दोघींचा कायमचा रद्द."

कुंभोजकर पुढे सरसावला. "वहिनी, पहिली घ्या. एकच हंगाम. अहो, वणव्यातल्या वेलाच्या काड्या, निम्म्या तरी जगतील का? पहिली घ्या."

प्रांजलीनं मागे वळून पाहिलं. "अक्का?"

वैजयंता बाकावरून उठली नव्हती. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"मोजू द्या की त्यांस्नी," ती म्हणाली.

*

कलम जगलं की नाही हे लगेच कळत नाही. बांधलेली कलमं आधी ओलसर भुश्यात ऊबेला ठेवतात. चिरेशी पांढरा, मऊ कण्यांसारखा गठ्ठा धरतो, जखमेवर खपली धरावी तसा, आणि त्यातून दोन्ही बाजूंचे हिरवे थर एकमेकांना जाऊन मिळतात. मग डोळा फुटतो. मग मातीत. हे सगळं होईपर्यंत तिसरी खुर्ची रिकामी होती.

फलक कुणी उतरवला नाही. त्यामुळे प्रांजली रानात निघाली की चौकात कुणी ना कुणी बोलायचंच. "काय गं, सातासमुद्रापार हात, खुरपायला निघालीस व्हय?"

"व्हय. सावडीनं," ती म्हणायची. "तुमच्यात बी यिऊ का?"

एकदा कुंभोजकरचा फोन आला. दुसरी मुलगी बसवायची का तिसऱ्या खुर्चीवर? प्रांजलीनं सांगितलं, बसवा, पण सुरी दारामागून काढू नका. त्यानं कुणाला बसवलं नाही.

उन्हाळा सरला. एके दुपारी मालन रानात हाक मारत आली. इल्दाबाई पडद्यावर होत्या आणि त्यांना दोघी हव्या होत्या. वैजयंता हातातली माती झटकत शेडमध्ये शिरली, दारामागच्या सुरीला सवयीनं हात लावला आणि बाकावर बसायला गेली. प्रांजलीनं तिला दंड धरून तिसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली.

काचघरातून ट्रे एकामागून एक सरकत होते. कोवळी पानं कॅमेऱ्याखालून जात होती आणि मोजणी बाजूला चढत होती. शेवटच्या ट्रेवर आकडे थांबले. दोन ओळी होत्या, दोन नावं.

प्रांजली गिड्डे: कलमं दोन हजार एकशे चाळीस, जगलेली एक हजार नऊशे सव्वीस; नव्वद टक्के.

वैजयंता गिड्डे: कलमं चारशे बारा, जगलेली तीनशे एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव पूर्णांक नऊ टक्के.